साडेपाच आणे

कवळाचा भारा दातांनी बांधणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. मी या माघात रोज बघत होते आणि रोज माझं डोकं फिरत होतं.

कुडपणच्या खालच्या अंगाला आमची वाडी. भाताची कामं आटपली की इथली बाया-माणसं डोंगराला लागतात. झाडांच्या फांद्या तोडायच्या, त्यांना आम्ही कवळं म्हणतो. त्यांचे वेलानं भारे बांधून डोक्यावरून खाली आणायचे, वाफ्यात पसरायचे, वर शेण आणि वाळल्या पानांचा पातेरा टाकायचा आणि उन्हं तापली की पेटवायचं. त्या भाजलेल्या राबात पुढे भाताचं रोप उगवतं. कामात डोकं लागत नाही, पण दोन हात लागतात. आमच्या ह्यांना दीड होता.

प्रवीण नाव ह्यांचं. इकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी महाडची, चवदार तळ्याजवळच्या शाळेत शिकलेली, मी घेते. सासूबाईंना खपत नाही, त्याला मी काय करू? तर गेल्या भादव्यात महाडच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसखाली ह्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली, मध्ये तीन आखूड खुंट. वेलाचं एक टोक अंगठा-करंगळीत धरायचं, दुसरं दातात, आणि डाव्या हातानं गाठ मारायची. वेलानं ओठ फाटायचा. रक्त शर्टाच्या बाहीला पुसून हे पुढच्या भाऱ्याला लागायचे.

“सोडा, मी बांधते,” मी म्हणायचे.

“जमतंय.”

हा एक शब्द माझ्या संसाराच्या मुळावर आलाय. जमतंय! आंघोळीला पाठीवरून हात फिरत नाही, जमतंय. शर्टाचं बटण लावताना घामाघूम, जमतंय. आणि दवाखान्यात तर ह्या शब्दानं कहरच केला.

जखम भरली तेव्हा कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, “चाळीस टक्क्यांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणा, गेटवर बसायचं काम देतो.” पौषात आम्ही तपासणीला गेलो. पोलादपूरपासून महाडपर्यंत एसटीत मी ह्यांच्या कानाशी भुणभुण लावली होती. “जे येत नाही ते येत नाही म्हणा. मोठेपणा करू नका.” हे खिडकीतून बाहेर बघत बसले.

तपासणारी डॉक्टरीणबाई भली होती. पट्टी लावून एकेका सांध्याचं वळण मोजलं, डोळे मिटायला लावून खुंटांवर सुई टोचून बघितली, एक दांडा दाबायला दिला, त्याचा काटा किती फिरतो ते बघितलं. मग टेबलावर नाणं, किल्ली, बटणांचा कपडा, दोरी.

“हे नाणं उचलायला जमतं का?”

“जमतं.”

“किल्ली फिरवायला?”

“जमतं.”

बाई थांबल्या. म्हणाल्या, “प्रवीणराव, मला खोटं नको आणि शौर्यही नको. घरी रोज जसं करता तसंच दाखवा.”

पण ऐकेल तो आमच्या घरातला कसला! अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत ह्यांनी नाणं उचललं, पडलं, पुन्हा उचललं. दोरीची गाठ मारली. कानशिलावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरा पडला होता, आणि तोंडात एकच, जमतं. मी मागून चिमटा काढला तर माझ्याकडे डोळे वटारले. शेवटी टक्के निघाले चौतीस. कायमस्वरूपी, चौतीस टक्के.

बाहेर आल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले आणि रडले. “सहा टक्क्यांनी घात केलात माझा. गेटवरची खुर्ची लाथाडलीत.”

“परक्या बाईसमोर जमत नाय कसं म्हनू गो?” हे म्हणाले. “तू बाजूला बसलेलीस.”

पुन्हा तपासणी मागता येते असं बाईंनी सांगितलं होतं. ते मी पदराच्या गाठीला बांधलं, आणि घरी येऊन साऱ्या वाडीला रडून सांगितलं, चौतीसच दिले हो, चौतीसच. माझी ही जीभ पुढे काय करणार होती ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याच बाईंनी चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं, बोटं बनवून घ्यायला. तिथे अंकिता म्हणून एक पोरगेलीशी मॅडम होती. तिनं हाताचा साचा घेतला. मग रंगांच्या पट्ट्यांचा जुडगाच काढला, साडीच्या दुकानात काढतात तसा, आणि एकेक पट्टी ह्यांच्या हाताला लावून बघितली. भादव्यापासून हात फडक्यात आणि गळ्यातल्या झोळीत; ऊन नाही, माती नाही. गोरा पडला होता, तलाठ्याचा असावा तसा. त्या रंगाची बोटं बनली. नखंसुद्धा होती त्यांना, आणि पेरांवरच्या सुरकुत्या.

फाल्गुनात ती हातात आली तोवर ह्यांनी माघभर कवळं तोडली होती, राब भाजला होता. हात काळाठिक्कर. बोटं घातली तर बोटं कारकुनाची आणि हात राबाचा. सासूबाई, रंगूबाई त्यांचं नाव, कंदील वर धरून बघत राहिल्या. “बाय माझे,” म्हणाल्या, “ही तर पावन्यांची बोटं दिसतात.”

आम्ही तिघं हसलो. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसू आलं.

अंकितामॅडमनं नीट समजावलं होतं. “ही बोटं स्वतः वाकत नाहीत आणि पकडत नाहीत. साथ देतात. ताट धरायला, कागद दाबायला, पेन टेकवायला. खुंटावर टोपीसारखी बसतात, पण घाम आला, ओल आली की निसटतात. तेल आणि हळद लावू नका, डाग जायचा नाही.” आणि खुंट दुखरे होते म्हणून रोज परातीतल्या तांदळात हात घुसळायला सांगितलं होतं. त्याचा गुण आला. आधी चादर लागली तरी कळवळणारे हे, नंतर परातीत हात घालून बसायला लागले. बोटं घालून पोलादपूरच्या बाजारात गेले तेव्हा पहिल्यांदा ह्यांनी हात खिशातून बाहेर काढला. कोणी वळून बघितलं नाही. कोणी बघत नाही यात केवढं सुख असतं ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात चैत्राची जत्रा जवळ आली आणि दीपेशनं काठीचा विषय काढला.

आमच्या सोमजाईची सासनकाठी, म्हणजे लाल कापडात गुंडाळलेला उंच बांबू. मानकरी एकट्यानं ती उचलतो, कमरेच्या पट्ट्यात बुंधा रोवतो आणि देवळाच्या पायरीपासून सहाणेच्या चौथऱ्यापर्यंत नाचवत नेतो. उचलण्याआधी उजवा हात हळदीत बुडवून कापडावर पाची बोटांचा पंजा उमटवायचा. वाटेत दुसऱ्या कोणाचा हात काठीला लागला तर मान त्याच्याकडे जातो. हा मान ह्यांच्या आजोबांपासून आमच्या घरात. दीपेश ह्यांचा सख्खा चुलतभाऊ, वीर स्टेशनवर रिक्षा चालवतो. त्याच्या बापानं हयातभर त्या काठीकडे आशेनं बघितलं आणि तसाच गेला. ते दीपेशच्या मनात होतं. मला तेव्हा मात्र तो निव्वळ मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा वाटला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

देवळात गावकी बसली. बाप्ये आत, आम्ही बाया खांबांच्या बाहेर. मधोमध रावजी खोत, गावकीचा म्हातारा. वाडीतल्या साऱ्या जमिनींच्या वाटण्या त्यानंच करून दिलेल्या.

दीपेश उभा राहिला. खाली मान घालून बोलला, “दादाचं मना वाईट वाटत नाय आसं नाय. पन देवीला पाची बोटांचा पंजा लागतो. दोन बोटांचा पंजा कसला? आनि आता तर सरकारनंच लिवून दिलंय. कायमचं व्यंग, चौतीस टक्के. वयनीनंच सांगितलंय सगल्यांना.”

साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. धरणी फाटावी आणि आत जावं असं झालं. आमचे हे समोर बसले होते. उजवा हात त्यांनी हळूच मांडीखाली घेतला, ती पाहुण्यांची बोटं घातलेली असूनसुद्धा.

आणि सासूबाई उठल्या. पदर खोचून सरळ खांबाच्या आत गेल्या.

“चौतीस गेलं. मग र्‍हायलं किती? बोल की रे दीपेश, शाला शिकलास ना?”

“सहासष्ट,” कोणीतरी मागून म्हणालं.

“ते बोला की मग! गेल्याला रडताव, र्‍हायल्याला कोन बोलनार?”

रावजीनं मान वर केली. वाटणीचा विषय आला की म्हाताऱ्याला तरतरी येते. तो पुटपुटत बोटांच्या पेरांवर मोजू लागला. “रुपायाचे सोला आने. त्यातले सहासष्ट टक्के… साडेधा आने. वर जरा हाय, ते सोडा. निम्म्याच्या फुडं हाय. मंडली, जमिनीत ज्याचा हिस्सा जास्ती त्याच्या हातात नांगर. मानाला दुसरा न्याय कुठनं आनायचा? साडेधा आने परवीनचे हायेत.”

मी कपाळाला हात लावला. अहो, टक्के म्हणजे माणसाची वाटणी नव्हे! सातबारा आहे का तो? मी ओरडणारच होते, पण शेजारच्या जानकीबाईनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. “गप ऱ्हा गो. चाललंय ते बरं चाललंय.” आणि मग माझ्या ध्यानात आलं. ज्या चौतीसासाठी मी दवाखान्याच्या पायरीवर टाहो फोडला, तेच चौतीस आता माझ्या नवऱ्याची लाज राखत होते. साठ मिळाले असते तर?

“मग उरलेले साडेपाच आने कोनाचे?” दीपेश तिरसटपणे म्हणाला.

“देवीचे,” रावजी म्हणाला. “ती बघून घेल.”

“आनि पंजा? रबराची बोटं देवीला चालतात?”

ह्यावर मात्र रावजी अडला. सासूबाई दोन पावलं पुढे सरकल्या.

“रावजीभावजी, देवीचा परसाद तुमी कशानं चावताव?”

म्हाताऱ्याचं बोळकं महाडच्या डॉक्टरनं गेल्याच साली भरून दिलं होतं, वर-खाली दोन्हीकडे कवळी. आधी जानकीबाई खिदळली, मग बाया, मग बाप्ये. रावजीलाही हसू फुटलं तशी कवळी पुढे आली, ती त्यानं पटकन हातानं आत ढकलली.

“रंगूबाय, तुझ्या तोंडाला देवच लागू शकंल!” तो म्हणाला. “चालतील. बोटं चालतील. पन एक आयका. काठीला दुसऱ्याचा हात लागला तर मान त्याचा. ह्यो रिवाज मी माझ्या हातानं मोडनार नाय.”

घरी येताना सासूबाई मला म्हणाल्या, “आता टक्के वाडवायला महाडला गेलीस तर तंगडी मोडीन.”

जत्रेपर्यंतचे दिवस काही विचारू नका. ह्यांनी परड्यात एक लांब बांबू आणला, शेंड्याला मातीची गोणी बांधली आणि उजाडलं की सुरू. कमरेला पट्टा, बुंधा रोवायचा, डावा हात खाली, उजवा वर. शेंडा जड, वारा डोंगरावरून उतरणारा. डाव्यानं तोल धरला तरी वरचा हात सुटायचा, कारण ती बोटं नुसती टेकायची, आवळायची नाहीत. एकदा बांबू कोंबड्यांच्या खुराड्यावर पडला. एकदा माझ्या तुळशीवर. मला अन्न गोड लागेना. पाणी आणायला निघायचं आणि कळशी विसरायची, चुलीवर भात ठेवायचा आणि परड्याच्या दारात येऊन उभं राहायचं.

“जमतंय,” हे म्हणायचे, मी विचारायच्या आधीच.

जत्रेच्या आदल्या दिवशी बांबू ह्यांच्या खांद्यावरच आला. मी पळत गेले. खुंटांवरून बोटं निघून धुळीत पडली होती, खुंट लालबुंद. आणि हे उठता उठता तेच बोलले. माझा तोल गेला.

“नाही जमत! ऐकलं का? नाही जमत तुम्हाला! एकदा तरी तोंडानं म्हणा, जन्मात एकदा! मी काय परकी आहे?”

हे खाली बसले. परड्याला लागूनच्या राबाच्या राखेत हात टेकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नाय जमत, वैशाली. पन आता कुनाला सांगू?”

मला वाटलं होतं हा शब्द ऐकला की मला बरं वाटेल. कसलं बरं! मी ती तीन बोटं उचलली, पदरानं पुसली, एकेक करून ह्यांच्या खुंटांवर बसवली. म्हटलं, “मला सांगितलंत ना. झालं मग. उठा, मी बुंधा धरते.”

जत्रेच्या दिवशी दुपार कलली तसा खालूबाजा वाजायला लागला. ढोल, टिमकी, सनई. मुंबईची माणसं आलेली, मोबाइल वर धरून उभी. काठी पायरीला टेकवून ठेवलेली. हे पांढरा सदरा घालून पुढे झाले. रावजीनं हळदीचं तबक धरलं. हळद ओली, तेलात कालवलेली. अंकितामॅडमचे शब्द माझ्या कानात वाजले, तेल आणि हळद लावू नका. पण देवीला कोण सांगणार?

ह्यांनी हात बुडवला आणि लाल कापडावर दाबला. पंजा उमटला. पाची बोटं. मधली तीन जरा जास्तच सरळ, पण पाच. बायांमधून हुंकार गेला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग हळदीनं माखलेल्या त्याच हातानं हे काठीला भिडले. बुंधा पट्ट्यात बसला. काठी उभी राहिली. “सोमजाईच्या नावानं…” आरोळी उठली आणि हे चालायला लागले. बाजूनं रिवाजाप्रमाणे दीपेश चालत होता. मानकऱ्यानंतर ज्याचा नंबर लागतो, त्यानं हाताच्या अंतरावर चालायचं असतं. काठी पडलीच तर झेलायला. त्याचे दोन्ही हात छातीशी तयार होते, आणि त्याचे डोळे काठीवरून हलत नव्हते. मी त्याला मनातल्या मनात लाख शिव्या दिल्या.

अर्ध्या वाटेत वारा आला. शेंड्याचं कापड फडफडलं, काठी डुलली. ह्यांनी उजवा हात आवळला. तेलकट हळद, वर घाम. मी बघितलं, मधलं बोट सरकलं आणि गळून पडलं. त्याच्यामागून अंगठ्याजवळचं. लोकांच्या पायात कुठे गेली कोण जाणे. उघडे खुंट बांबूवरून घसरायला लागले. काठी झुकली, आधी थोडी, मग सरळ आम्हा बायांच्या अंगावर. कोणीतरी किंचाळलं. बाजा थांबला. ह्यांचा चेहरा मला दिसला. ओठ हलले. ‘जमतंय’ नव्हतं ते. हे दीपेशकडे बघत होते, आणि त्या नजरेत आदल्या दिवशी राखेत बसून म्हटलेलं तेच होतं.

दीपेशनं झेप घेतली. मी डोळे मिटले. म्हटलं, गेला. आजोबांपासूनचा मान गेला.

डोळे उघडले तर काठी उभी होती. दीपेशनं बांबू धरलाच नव्हता. त्यानं ह्यांचं उजवं मनगट दोन्ही हातांनी पकडलं होतं आणि पूर्ण ताकदीनं बांबूवर दाबून धरलं होतं. त्याच्या हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. बांबूपासून त्याची बोटं तसूभर लांब. “चल दादा,” तो दात आवळून म्हणाला. “पाय उचल. चल.” टिमकी वाजली, मग ढोल. दोघं भाऊ तसेच गेले, सहाणेपर्यंत. काठी चौथऱ्यावर टेकली तेव्हाच दीपेशनं मनगट सोडलं.

“लागला! दीपेशचा हात लागला!” मुंबईकरांतला एक ओरडला. “व्हिडिओमध्ये हाय!”

रावजी आपला सोटा टेकत आला. त्यानं कापड बघितलं, बांबू बघितला. मग दीपेशच्या समोर उभा राहिला. “देवीसमोर बोल. काठीला हात लावलास?”

दीपेशला धाप लागली होती. मान हवा होता तर एवढंच म्हणायचं होतं, हो. सगळा गाव साक्षीला होता.

“नाय,” तो म्हणाला. “दादाला लावला.”

“मान परवीनचा,” रावजी म्हणाला, आणि भंडारा उधळला.

मी तिथेच भडाभडा रडले, सगळ्यांसमोर. मला कसली लाज?

दिवेलागणीला मी अंगणात बोट धूत बसले होते, जे एक हातावर शिल्लक राहिलं होतं ते. साबण लावला, चोळलं, हळद काही निघेना. उलट त्या पिवळ्यानं ते बोट ह्यांच्या काळ्या हाताच्या रंगाला जरा जवळ आलं होतं. हे पडवीत परातीत हात घालून बसले होते. पुन्हा तपासणीचं मी अजून मनातून काढलेलं नाही, ते आधीच सांगून ठेवते. पण त्या दिवशी तो विषय मी काढला नाही.

अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी, कोणीतरी खाकरलं. दीपेश. जत्रा पांगल्यावर तो पायवाटेवर काहीतरी हुडकत फिरत होता म्हणे. त्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि माझ्यापुढे धरला. आत दोन बोटं, पिवळीजर्द, एकाचं नख तुटलेलं.

“घ्या वयनी,” तो म्हणाला. “साडेपाच आने.”

मी ओंजळ पुढे केली. मग आत वळून सासूबाईंना हाक मारली, “आई, भावजींचं पान मांडा.”